रावसाहेब का चावले?

“माझ्यासारखा माणूस शतकात एकदाच जन्माला येतो,” दाजी म्हणाले, “आणि तोही बहुधा चुकीच्या शतकात.”

काउंटरपलीकडे एक वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आपलं पट्टी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं आणि मान हलवली.

“लोक नुसते बघतात, वहिनी. मला दिसतं. माणूस दारातून आत आला की चपलेवरून मी त्याचा धंदा सांगतो, चालीवरून स्वभाव सांगतो आणि डोळ्यांवरून नंबर सांगतो. आता तुमचंच घ्या. तुम्ही दूरच्या गावाहून आलात, घरी एकट्याच राहता आणि तुम्हाला शिवणकामाचा नाद आहे. बोटात सुई गेली.”

“मी मागच्याच गल्लीत राहते,” वहिनी म्हणाल्या. “घरात नवरा, सासू, सासरे, कुत्रा आणि मांजर आहे. आणि बोटाला पोपट चावलाय.”

“म्हणजे टोकदार वस्तू होती हे मी बरोबर ओळखलं,” दाजी समाधानाने म्हणाले आणि त्यांनी मागे वळून मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुणा काच घासत होता. दाजींनी मागे वळून पाहिलं की आपण ‘वा!’ म्हणायचं, हे काम त्याच्याकडे होतं. ‘वा’ म्हणून तो पुन्हा काच घासू लागला. दाजींचं दुकान चष्म्यांचं. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘चष्मे तयार करून मिळतील’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘गुप्त तपासही केला जाईल’ असं लिहिलेलं होतं. बहिणीचं दाजींशी लग्न झालं तेव्हा काच घासायला म्हणून मेहुणा या दुकानात आला, आणि पहिल्याच आठवड्यात दाजींची हरवलेली छत्री शोधण्यासाठी त्याला अख्खा बाजार पालथा घालावा लागला. छत्री दाजींच्याच हातात होती. तेव्हापासून तो सहायक गुप्तहेर झाला. पगार काच घासण्याचाच राहिला.

“खरं तर मी स्क्रूसाठी आले होते,” वहिनी म्हणाल्या. “सासूबाईंच्या चष्म्याची दांडी निखळलीय. पण घरात असा गोंधळ चाललाय की चष्मा आणायचाच राहिला. कुणी येऊन बसवून दिलात तर बरं होईल.”

“स्क्रू राहू द्या. पोपटाचं बोला.”

वहिनी बोलल्या. रावसाहेब म्हणजे त्यांच्याकडचा पोपट. अंगाने राखाडी, शेपटीने लाल. मागे हात बांधून फिरणाऱ्या बड्या साहेबासारखा चालायचा म्हणून सासऱ्यांनीच हे नाव ठेवलं. घरात रावसाहेबांना कुणी अरे-तुरे करत नसे. असे हे सज्जन रावसाहेब गेल्या काही दिवसांपासून पार बिथरले होते. वर्तमानपत्रांच्या चिंध्या करायचे. भिंतीचा चुना टोचून खायचे. सोफ्याखाली, बुटात, जिथे अंधार दिसेल तिथे घुसायचे. आणि आता सासऱ्यांच्या कपाटातला अर्धवट उघडा राहिलेला खालचा खण त्यांनी बळकावला होता. जवळ जाईल त्याला चावत होते.

“माझं बोट फोडलं, ह्यांचं नाक फोडलं. पहिलवान वॉशिंग मशीनमागे लपून बसलाय. मावशी तर पडद्याच्या दांडीवर चढून बसलीय, खाली यायचं नावच घेत नाही.”

“तुमच्या मावशी? या वयात?”

“मांजर आहे ती. पहिलवान कुत्रा.” वहिनींचा आवाज एकदम खाली आला. “ह्यांनी चिडून पक्षी सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन केलाय. त्या संध्याकाळी येऊन रावसाहेबांना घेऊन जाणार. बाबा काहीच बोलत नाहीत. सकाळपासून जेवलेही नाहीत.”

मेहुण्याने काच खाली ठेवली. दाजींनी भिंतीवरची टोपी उचलली.

“चल,” ते म्हणाले. “एका सज्जनाला सूर्यास्ताच्या आत निर्दोष सोडवायचंय.”

मेहुण्याने बारीक स्क्रूंची डबी आणि पेचकस तेवढा खिशात टाकला.

दार वहिनींच्या यजमानांनी उघडलं. त्यांच्या नाकावर एवढी मोठी पट्टी होती की ते पट्टीच्या मागून बोलत असल्यासारखे वाटत होते.

“बाझं दाक बघा,” ते म्हणाले.

“डाक?” दाजींचे कान टवकारले. “कधी आली? पाकिटावर शिक्का कुठला होता?”

“दाक हो! दाक!”

“नाक म्हणतायत ते,” मेहुणा म्हणाला.

“सहायकाने मध्ये बोलू नये,” दाजी म्हणाले. पण डाकेचा विषय त्यांनी सोडला.

घराची दशा खरोखर बघण्यासारखी होती. खुर्च्या उलट्या पडलेल्या, जमिनीवर वर्तमानपत्राच्या बारीक बारीक पट्ट्या, भिंतीला पोपटाच्या उंचीवर ओळीने खड्डे. वॉशिंग मशीनमागून एक जाड शेपूट बाहेर आली होती आणि थरथरत होती. आतल्या खोलीच्या दारावरच्या पडद्याच्या दांडीवर मावशी अंगाचा गोळा करून बसली होती आणि खालच्या जगाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करून सगळं पाहत होती.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी एका स्टुलावर वहिनींचे सासरे, म्हणजे आजोबा, बसले होते. शेजारी झाकलेलं ताट. खोलीत कपाटाचा खालचा खण दिसत होता, आणि खणाच्या फटीतून एक गोल, पिवळा, अतिशय रागीट डोळा.

“आमच्यात काही भांडण झालं नव्हतं हो,” आजोबा कुणी न विचारताच मेहुण्याला म्हणाले. “रोज संध्याकाळी आम्ही गप्पा मारायचो. परवा मी हात पुढे केला तर माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. चावले असते तरी चाललं असतं. पण ‘चल हट’ म्हणाले मला.”

“चल हट!” खणातून आवाज आला.

आजोबांनी मान खाली घातली. मेहुण्याला वाटलं, हे प्रकरण काही छत्रीसारखं हसण्यावारी न्यायचं नाही.

तेवढ्यात हाताने चाचपडत आजी आल्या. त्यांच्या एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्या हातात चष्म्याची दांडी. “चष्मेवाले आले का? अहो, ही दांडी तेवढी...”

“आजी, इथे मोठ्या गोष्टी चालल्यायत,” दाजी म्हणाले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि जमिनीवर पालथे पडून कागदाच्या पट्ट्या पाहायला लागले. बराच वेळ पाहिल्यावर ते उठले. पोटाला धूळ लागली होती, पण चेहरा उजळला होता.

“वर्तमानपत्राचं कुठलं पान फाडलंय?”

“सगळीच,” वहिनी म्हणाल्या.

“उघड आहे. एकच फाडलं असतं तर आपल्याला कळलं असतं कुठलं ते. अत्यंत धूर्त गुन्हेगार! आता भिंत बघा. हे खड्डे म्हणजे बोगद्याची सुरुवात. बाहेरच्या टोळीला आत घेण्यासाठी आतून भिंत पोखरली जातेय. रावसाहेब फितूर झालेत.”

“भिंतीपलीकडे आमचंच न्हाणीघर आहे,” वहिनी म्हणाल्या.

दाजींनी भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं.

“टोळीला ते ठाऊक नसणार,” ते म्हणाले. “म्हणूनच काम थांबवलं. आणि मग पुढची पायरी. त्यांनी खरे रावसाहेब पळवले आणि त्यांच्या जागी हा आणून बसवला.” त्यांनी खणाकडे बोट दाखवलं. “हा तोतया आहे! खरे रावसाहेब सज्जन, हा शिवराळ. खरे शिडशिडीत होते की नाही?”

“तसे सडपातळच,” आजोबा म्हणाले. “पण हल्ली पोट जरा...”

“तोतयाचं पोट सुटलेलं! बघा!”

“पोट बाझंही सुटलंय,” यजमान म्हणाले.

दाजींनी यजमानांकडे अशा काही नजरेने पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले आणि आपण खरेच आहोत ना हे बघण्यासाठी बायकोकडे पाहू लागले.

“बाबा, तुम्हाला काय वाटतं?” वहिनींनी विचारलं.

“तेच आहेत,” आजोबा शांतपणे म्हणाले. “डाव्या पायाचं मधलं नख तुटलेलं आहे. मी स्वतः औषध लावायचो.”

इतका सरळ पुरावा दाजींना कधीच आवडत नसे. त्यांनी तोतया सोडला आणि थेट आजोबांकडे मोर्चा वळवला. “मग मला एक सांगा. हा खण कुणाचा?”

“माझा.”

“पोपटाने अख्ख्या घरातून तुमचाच खण का निवडावा? अंगावर येऊन तो कशाची राखण करतोय? आजोबा, खणात काय दडवलंय तुम्ही?”

“मोजे,” आजोबा म्हणाले. “आणि कानटोपी.”

“कानटोपीत काय आहे?”

“हिवाळ्यात माझं डोकं असतं.”

मेहुण्याला हसू आलं. पण आजोबांच्या चेहऱ्यावर अपमान दिसला आणि ते हसू जागच्या जागी विरलं. सगळं आयुष्य मुख्याध्यापक म्हणून काढलेल्या माणसावर मोज्यांवरून संशय घेतला जात होता. “दाजी,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “त्यांना सोडा. खण उघडून बघितला तर कळेल की.”

“मी तेच सुचवणार होतो,” दाजी म्हणाले. “तू उघड.”

“मी?”

“मी बाहेरून सूत्रं हलवतो.”

मेहुण्याने हात मागे बांधले. बहिणीची शपथ घातली तरी आपण त्या खणात हात घालणार नाही, असं त्याने दाजींना स्वच्छ सांगितलं. बरीच घासाघीस झाल्यावर दाजींना नाइलाजाने स्वतःच शूर व्हावं लागलं.

त्यांची योजना अशी होती की आजोबांचा कोट घालायचा, आजोबांची काठी घ्यायची, आजोबांसारखं खोकत जायचं; पोपट गाफील राहील. वेषांतर पूर्ण व्हावं म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून यजमानांकडे दिला, कारण आजोबा चष्मा लावत नसत. डोक्यावर यजमानांचं हेल्मेट चढवलं. हेल्मेट घातलेले आजोबा घरात कुणीच पाहिले नव्हते, पण तो मुद्दा कुणी काढला नाही.

“आजी, बाजूला व्हा,” दाजी अंदाजाने म्हणाले.

“मी आजोबा आहे,” आजोबा म्हणाले.

दाजी खोकत खोकत खोलीत शिरले. चष्मा नसल्यामुळे त्यांना कपाट दिसलं ते दोन ठिकाणी, आणि त्यांनी त्यातलं चुकीचं निवडलं. काठी खुर्चीला लागली. खुर्ची कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पडली. स्टँड धडाधडा कोसळताच वॉशिंग मशीनमागचा पहिलवान आपल्यावरच छत पडलं असं समजून बाहेर सुटला, थेट खोलीत घुसला आणि वहिनींची ओली चादर अंगावर घेऊन दाजींच्या दोन पायांमधून पलीकडे गेला. दाजी मात्र पलीकडे गेले नाहीत. ते बसले. पांढरी चादर भुंकत धावताना पाहून मावशीने दांडी सोडली आणि समोर जे उंच आणि गोल दिसलं त्यावर, म्हणजे हेल्मेटवर, झेप घेतली.

“टोळी आली!” दाजी ओरडले. “टोळीने मला पकडलंय! मेहुण्या, दिवा लाव! अंधार केलाय यांनी!”

मावशीचं पोट त्यांच्या डोळ्यांवर होतं.

कशाला तरी धरून उठावं म्हणून दाजींनी हात घातला तो नेमका खणाच्या मुठीला. खण सरकन बाहेर आला. रावसाहेब “चल हट! चल हट!” असं ओरडत उडाले, दाजींच्या बोटाचा एक कडकडून चावा घेतला आणि कपाटावर जाऊन पंख फुलवून बसले.

सगळे खणाभोवती जमले. कागदाच्या पट्ट्यांचा ऊबदार ढीग, त्यात आजोबांची लोकरीची कानटोपी, आणि कानटोपीच्या मधोमध पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा जरा लहान, पांढरंशुभ्र अंडं.

यजमानांनी चष्मा परत दिला. दाजींनी तो लावला, अंडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी चमक आली की मेहुणा मनातून घाबरला.

“उकललं,” दाजी म्हणाले. “वहिनी, फ्रिजमध्ये अंडी आहेत?”

“आहेत.”

“एखादं कमी झालंय?”

“बी सकाळी ऑब्लेट खाल्लं,” यजमान म्हणाले.

“ते तुम्ही खाल्लंत असं तुम्हाला वाटतं!” दाजी आता खोलीत येरझाऱ्या घालू लागले. “सज्जनहो, या घरात चोरांची टोळी आहे, पण ती बाहेरची नाही. बळ कुणाकडे? पहिलवानाकडे. तो फ्रिजचं दार उघडतो. उंचावर टेहळणीला कोण बसतं? मावशी. आणि चोरीचा माल सांभाळायला, हिशेबी, वजनदार, समाजात मान असलेला असा कोण आहे? रावसाहेब! अंडं लहान का, असं तुम्ही विचाराल. मी सांगतो. फ्रिजच्या थंडीने आकसलंय.”

मेहुणा ‘वा’ म्हणायचं विसरला.

“अहो, ही दांडी...” मागून आजी म्हणाल्या. सकाळपासून हे त्या कितव्यांदा म्हणत होत्या कोण जाणे.

मेहुण्याने दाजींकडे पाठ फिरवली. खिशातून डबी काढली, आजींच्या हातून चष्मा घेतला, दांडी जागेवर धरून स्क्रू फिरवला, काचा सदऱ्याला पुसल्या आणि चष्मा आजींच्या हातात दिला. आजींनी तो डोळ्यांवर ठेवला. पुढे होऊन खणात वाकून पाहिलं. मग मान वर करून कपाटावर पाहिलं. तिथे रावसाहेब दमून धापा टाकत होते आणि त्यांची नजर कानटोपीवरून हलत नव्हती.

“घातलंय तिने,” आजी म्हणाल्या.

“कुणी?” दाजी म्हणाले.

“तिने. रावसाहेबांनी. किती आंधळे आहात सगळे! मला दिसत नव्हतं, माझं एक सोडा. कागद फाडले ते घरट्यासाठी. चुना खाल्ला तो अंड्याच्या कवचासाठी. अंधारी जागा शोधली, पोट वाढलं, आणि कुणी जवळ आलं की अंगावर जाते. तुमच्यापैकी एकालाही कळू नये?”

आजपर्यंत घरात ज्यांच्यासाठी ‘आले’, ‘गेले’, ‘जेवले’ म्हटलं गेलं होतं, ते सगळं एका ‘तिने’खाली दबून गेलं. सगळ्यांनी पोपट समजून ज्यांना मान दिला त्या पोपट नव्हत्या. आणि पोपट जो काय झाला होता तो दाजींचा, तोही हेल्मेटसकट.

“रावसाहेब...” आजोबांनी हळूच वर पाहिलं. “आल्या... गेल्या...” ते नवीन धडा पाठ करत असल्यासारखे पुटपुटले. मग एकदम त्यांचे कान लाल झाले आणि ते मटकन स्टुलावर बसले. “अरे देवा! उन्हाळाभर मी यांच्यासमोर बनियनवर बसायचो.”

“ते सोडा,” आजी म्हणाल्या. “रोज संध्याकाळी दार लावून माझ्याविषयी काय सांगत होतात तिला?”

“ते आपलं पुरुषापुरुषांतलं बोलणं...”

“कळलं. म्हणजे इतकी वर्षं माझी गाऱ्हाणी एका बाईमाणसाकडे चालली होती. म्हणूनच ती कधी तुमच्या बाजूने बोलली नाही.”

वहिनी हसायला लागल्या. यजमानांनाही हसू आलं, पण पट्टी ताणली गेल्यामुळे ते हसणं आणि विव्हळणं एकदमच करू लागले. दाजी एकटेच हसले नाहीत. बोट तोंडात धरून ते विचारात गढले होते.

“एक दुवा राहतो,” ते म्हणाले. “या घरात दुसरा पोपट नाही. मग या अंड्याचा बाप कोण? पहिलवान नव्हता, तो मशीनमागे होता. गेल्या महिन्यात इथे कोण कोण येऊन गेलं ते मला...”

आजोबा स्टुलावरून उठले. मुख्याध्यापक असताना उठायचे तसे उठले असावेत, कारण दाजी आपोआप सरळ उभे राहिले आणि बोट तोंडातून निघालं.

“आमच्या घरातल्या मुलीच्या चारित्र्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही,” आजोबा म्हणाले.

“कोंबड्या नाही का घालत, कोंबडा नसला तरी?” आजी मध्ये पडल्या. “तसंच आहे ते. पिल्लू नाही निघायचं यातून.”

आजोबांनी वाकून कानटोपीची घडी अंड्याभोवती जरा वर सारली. खण त्यांनी पुन्हा आत ढकलला, फट तेवढी राहू दिली आणि चार पावलं मागे सरून उभे राहिले.

“निघो न निघो,” ते म्हणाले. “बसावंसं वाटतंय ना, बसू दे तिला. घाई कसली आहे?”

रावसाहेब कपाटावरून खाली उतरल्या. आधी दाजींकडे पाहिलं, मग पहिलवानाकडे, मग आजोबांजवळून मागे हात बांधल्यासारख्या चालत गेल्या. आजोबांच्या पायाशी त्या जराशा थांबल्या. चावल्या नाहीत. फटीतून आत शिरल्या आणि कागदांची खसखस ऐकू आली. मेहुण्याने आजोबांकडे पाहिलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले की आपण दुसरीकडे पाहावं एवढं त्याला कळत होतं. तो पडलेला स्टँड उभा करायला गेला.

वहिनींनी ताटावरचं झाकण काढलं. आजोबा जेवायला बसणार, एवढ्यात दाराची घंटा वाजली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पक्ष्यांच्या बाईंना फोन करून नको सांगायचं, हे या धांदलीत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

“बी बघतो,” यजमान अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

“तू बस,” आजोबा म्हणाले. “आवाज करशील.”

ते चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले. त्यांच्या मागून पहिलवान, पहिलवानामागून दाजी, हेल्मेट बगलेत धरून, तेही चवड्यांवर. आजोबांनी कडी अलगद काढली. बाहेर हातात मोठा पिंजरा आणि जाड हातमोजे घेतलेल्या बाई उभ्या होत्या.

“नमस्कार! मी त्या पोपटासाठी...”

“शूः!” आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. घरात बाळंतीण आहे.”

“अगंबाई!” बाईंचा आवाज एकदम कुजबुजता झाला. त्यांनी पिंजरा अंगामागे लपवला. “मला कल्पना नव्हती हो. कोण, सूनबाई का?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “रावसाहेब.”